म्हातारी मरेना, नातीला नाव मिळेना

मृत्युपत्र लिहून ठेवणार, मी सिद्धम्मा भ्रतार चन्नबसप्पा, वय अंदाजे पासष्ट, धंदा घरकाम, राहणार शिरूर अनंतपाळ, जिल्हा परवापर्यंत उस्मानाबाद, आता लातूर. मी पूर्ण शुद्धीवर आहे. डोकं ठिकाणावर आहे; या घरात तेवढं एकच आहे. कोणी धाक दिलेला नाही, देऊन बघावा. दुसरीपर्यंत शिकले, तेवढ्यावर माझ्या हाताने लिहिते.

मालकांचं नाव जन्मात तोंडाने घेतलं नाही. पण मनाई घ्यायला आहे, लिहायला नाही. कानडीत चेन्न म्हणजे देखणा आणि बसव म्हणजे नंदी. त्यातलं दुसरं मला पटलं.

लिहिण्याचं कारण असं. माझा मुलगा रेवणप्पा याला गेल्या श्रावणात मुलगी झाली, नवा जिल्हा झाला त्याच आठवड्यात. तेव्हा मी तापाने पडले होते. उदगीरच्या डॉक्टरने हात टेकले. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव लेकराला ठेवतात, जित्याचं ठेवत नाहीत. रेवणप्पा म्हणाला, "आव्वा चाललीच हाय. थोडं थांबू, पोरीला तिचंच नाव ठेवू." बारसं पुढं ढकललं. मग मी बरी झाले. यात माझा काही दोष नाही.

आता पोर रांगते, तरी नाव नाही. कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. ती आत्या म्हणजे माझी लेक कमलम्मा, मुखेडहून दोनदा एस.टी.ने आली आणि दोन्ही वेळा मला भाकर खाताना बघून परत गेली. जाताना म्हणाली, "आव्वा, पुढच्या खेपेला नक्की झालं की मगच कळीव."

सून महानंदा रोज सकाळी माझ्या नाकापुढं कापूस धरते. मग आत जाऊन सांगते, "हालला." रेवणप्पा म्हणतो, "बरं, च्या ठेव."

पोरीला हाक मारायची तर 'ए' नाहीतर 'इकडं'. शेजारची धुरपताबाई तिला 'जिल्हाबाई' म्हणते. या घरात नावं ठेवायला सगळे पुढं, नाव ठेवायला कोणी नाही. सबब माझ्या मागे खालीलप्रमाणे व्हावं.

एक. आमच्या किराणा दुकानातला तराजू रेवणप्पाला. तो कुठल्या अंगाला झुकतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दोन. जातं आणि उरलेला कापूस महानंदाला. मुरुडच्या काटकसरी घरातली आहे, काही वाया घालवणार नाही.

तीन. बोरमाळ कमलम्माला. एस.टी.चं भाडं त्यातच धरावं.

चार. पितळी घागर थोरला नातू मिलप्पा याला. हा बहात्तरच्या दुष्काळातला. पोटुशी असताना महानंदाने अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो जोंधळ्याच्या भाकरी खाल्ल्या. खाल्ल्या अन्नाला जागावं म्हणून हे नाव मीच ठेवलं. आता शाळेत पोरं चिडवतात. लिंबाजी गुरुजी म्हणाले, "आजी, मिलिंद करा की. आमच्या बौद्ध धर्मात मोठं नाव हाय. मूळचा ग्रीकांचा राजा."

मी विचारलं, "त्यानं काय केलं?"

"भंतेजींना लई प्रश्न विचारले आन् शेवटी शरण गेला."

प्रश्न विचारणं आमच्या मिलप्पाकडे आहे, शरण जाणं खानदानात नाही. आणि अमेरिकेचा जोंधळा पुसून ग्रीकांचा राजा लिहायचा, तर पोरगं शिरूरचं कधी होणार? तरी माझा हट्ट नाही. मोठा झाल्यावर त्याला हवं ते त्याने घ्यावं.

पाच. मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवूनच पुरावं. आडवी दिसले की या लोकांना घाई होते.

सहा. राहतं घर. हे माझ्या नावावर आहे आणि मी ते नातीला देते. तसं लिहून घ्यायला अर्जनवीसाकडे गेले होते. त्याने विचारलं, "अज्ञान मुलीचं नाव?" मी म्हटलं, अज्ञान असशील तू. तर कायद्यात लहान लेकराला अज्ञान म्हणतात म्हणे. मग म्हणाला, "आजी, बिननावाच्या माणसाला घर देता येत न्हाई."

घरी येऊन सांगितलं. रेवणप्पा लगेच म्हणाला, "मग माझ्या नावावर कर की आव्वा. मला नाव हाय." महानंदा म्हणाली, "पोरीचंबी होईलच की आता," आणि माझ्याकडे बघून राहिली.

म्हणून नाव मीच इथे लिहिते. ज्याला या घरात राहायचं त्याने पोरीला याच नावाने हाक मारावी. नाव बदललं तर घर गावच्या शाळेला जावं.

रेवणप्पा म्हणेल, जित्या माणसाचं नाव चालत नाही, मेलेल्याचंच पाहिजे. कबूल. मेलेलंच देते.

माझं माहेरचं नाव चिन्नम्मा. बाप बिदरकडचा, त्याच्या कानडीत चिन्न म्हणजे सोनं. आई देगलूरच्या पलीकडची, तिच्या तेलुगूत चिन्न म्हणजे लहान. दोघं एकाच हाकेत दोन पोरी बोलवायचे, जायचे मी एकटी. लग्न होऊन इथे आले, तर सासरच्या म्हशीचं नाव चिन्नी. सासऱ्याने हाक मारली की दोघी उठायचो. सासू म्हणाली, "एकीचं बदला." जंगमस्वामींनी म्हशीला दुसरं नाव सुचवलं. तिने त्या नावाला कान हालवला नाही, वर दूध चोरायला लागली. सासरा म्हणाला, "म्हशीला सवय झालेली हाय. पोरगी नवी हाय, तिला कळंल." मला कळलं.

त्या दिवशी चिन्नम्मा मेली. सुतक कोणी पाळलं नाही. पुढं म्हैसही गेली. तेव्हा नाव मेलेल्याचं आहे, याच घराण्यातलं आहे आणि आता मोकळं आहे.

सबब माझ्या नातीचं नाव चिन्नम्मा रेवणप्पा. घर तिचं. कमलम्माने पुढची एस.टी. धरावी आणि मी जिती असतानाच पोरीच्या कानात हे नाव सांगावं.

यापुढं या घरात म्हैस आणली आणि नावाची अडचण झाली, तर म्हशीचं बदलावं.

ठिकाण: शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर
तारीख: ६ मार्च १९८३

सिद्धम्मा (हयात)

आमच्यासमोर सही केली, हे पाहिलं:
१. लिंबाजी गुरुजी, सही
२. धुरपताबाई, डाव्या हाताचा अंगठा