गिरणीबाईचं ऊन पाणी

सोलापूर, शनिवार

प्रिय रुद्रप्पा,

लेकाकडे टेंभुर्णीला गेल्यापासून तुझं सोलापूर सुटलं. पण पहाटे उसावरून गार वारा आला की तुलाही आपला ओहोळ आठवत असणार. कापडगिरणीच्या मागच्या भिंतीतून पडणारं ते वाफाळतं पाणी! पहिला भोंगा झाला की आपण कुडकुडत पळायचो आणि तुझी थोरली बहीण अक्कम्मा मागून कानडीत हाका मारायची, "बारो, बारो! धोंड्या, मान चोळ की नीट, मळ काय मास्तर काढणार हायेत?" चौथीत असताना त्या पाण्यावर मी कविता केली. आयुष्यातली पहिली.

गिरणीबाई, गिरणीबाई, ऊन तुझं पाणी,
न्हाऊन-माखून शाळेत जाऊ, गाऊ गोड गाणी.

पुढं मीच मास्तर झालो आणि नोकरीभर दर वर्षी पोरांकडून ती म्हणून घेतली. तू चिडवायचास, "धोंडू, पुस्तकातल्या कविता संपल्या काय रे?"

गिरणीच्या जागी आता बाभळी आहेत. वस्ती मात्र तू ओळखणार नाहीस. आपल्या वेळी वीसेक घरं होती, आता दारंसुद्धा मोजवत नाहीत. कोणी करमाळ्याकडचे, कोणी अक्कलकोटकडचे. गावाकडे भागेना म्हणून आलेले. एका खोलीत दोन भावांचे संसार, मध्ये साडीचा पडदा. नळ पाचव्या दिवशी येतो. पिंपातलं पाणी प्यायलाच पुरत नाही, तिथं आंघोळीचं कोण तापवणार? गॅस जपून वापरायचा, लाकूड मिळत नाही. चुलीत चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या जळतात. संध्याकाळी सगळी वस्ती खोकत असते.

मागच्या अंगाला टॉवेलचं सूत रंगवणारा एक कारखाना आहे. त्याच्या पाइपातून सकाळी कोमट पाणी नाल्यात पडतं, कधी जांभळं, कधी लाल. दोन हिवाळ्यांपूर्वी शेजारच्या सिद्धेश्वरीनं मला विचारलं. टॉवेलांना शिलाई मारून एकटीनं दोन पोरी वाढवते ती. म्हणाली, "मास्तर, ह्या पाण्यानं पोरींना आंघोळ घातली तर चालंल का?" मी काय केलं असेल, सांग. वास घेतला नाही, हात घालून पाहिला नाही. डोळे मिटून कविता म्हटली! वर म्हणालो, "अगं, आम्ही ह्यातच वाढलो. काय झालं आम्हाला?"

महिन्याभरात सगळी वस्ती बादल्या घेऊन तिथं. पोरं न्हाताना माझी कविता म्हणायची. मी ओट्यावर बसून ऐकायचो आणि गुडघ्यावर ताल धरायचो.

यंदा दिवाळीनंतर सिद्धेश्वरीच्या थोरलीच्या, सात वर्षांच्या दाक्षायणीच्या पिंढऱ्यांवर चट्टे आले. मग भेगा, मग पू. मला म्हणाली, "मास्तरआजोबा, पाणी चावतंय." मी म्हटलं, थंडीनं उललंय, खोबरेल लाव. आज दहा दिवस पोर सरकारी दवाखान्यात आहे. जखमांतलं विष रक्तात उतरलंय, आता लघवी होत नाही. डॉक्टरीणबाईंनी आंघोळीचं पाणी कुठलं ते विचारलं, तर सिद्धेश्वरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मास्तरांना इचारूनच घालते की." तिचा अजून माझ्यावर राग नाही. कसा नाही, हेच मला सोसत नाही.

वस्तीत येऊन मी सांगितलं, ते पाणी बंद करा. शेजारचा तिप्पण्णा हसला. "मालकानं चहा पाजला का दम दिला, मास्तर? ह्याच पाण्यावर तुमी ऐंशीला टेकला की!" बाया म्हणाल्या, मग थंडीत लेकरं गार पाण्यानं मारायची का? त्यांचंही खोटं नाही. काल दाक्षायणीच्या धाकटीला, ऋतुजाला, शेजारणीनं त्याच पाइपाखाली न्हाऊ घातलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

दवाखान्यात दाक्षायणीची चादर सरकली आणि तिच्या टाचा दिसल्या. लाल. नर्सनं घासल्या तरी रंग निघेना. आणि मला अक्कम्माच्या टाचा दिसल्या, रुद्रप्पा, गिरणीच्या रंगानं निळ्या झालेल्या. तुमच्या लिंगायत रीतीनं तिला मांडी घालून बसवून मातीला नेलं तेव्हा मी पुढ्यातच उभा होतो. घरचे म्हणाले, देवी कोपली. त्याआधी पंधरा दिवस तुझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला दारात थांबवून विचारलं होतं, "धोंड्या, अक्का म्हणती पाणी चावतंय. खरं हाय का रे?" माझ्याही मांड्यांची आग व्हायची. पण ओहोळ बंद झाला असता, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला गिरणीबाई म्हणायची होती. मी म्हणालो, "न्हाय आप्पा, लई ग्वाड पाणी हाय." अक्कम्मा तशीच न्हात राहिली. तू खांबाला धरून सगळं ऐकत होतास. इतक्या वर्षांत तू एकदाही तो विषय काढला नाहीस. विसरलो होतो म्हणू? नाही रे. कविता म्हणत राहिलो, म्हणजे आठवायला नको.

उद्या रविवार, झाडून सारी पोरं पाइपाशी असतील. मी तिथं उभा राहून अक्कम्माचं नाव घेऊन सगळं सांगणार आहे. म्हातारा कवी आहे, रचून सांगतोय, असं म्हणतील. म्हणून तुझा नंबर तिप्पण्णाला दिलाय. तो तिथूनच फोन लावेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून टेंभुर्णीला निघालेल्या बसलिंगप्पाच्या टेम्पोतून पत्र आजच धाडतोय. फोनवर मला हे बोलवलं नसतं. तू फक्त "व्हय, माझी बहीण त्याच पाण्यानं गेली" एवढं म्हण. मी आप्पांना काय सांगितलं होतं तेही सांग, माझी गय करू नकोस. ऋतुजाच्या टाचा अजून पांढऱ्या आहेत, मी काल वाकून पाहिल्या.

हे वाचून झाल्यावरही म्हणू दिलंस तर, तुझाच,
धोंडू