काडी आधी बाहेर पेटवायची

अण्णा,

शनिवारी अर्धी शाळा असायची. कॉन्व्हेंटच्या निळ्या पिनाफोरवरच मी तुमचा डबा घेऊन उल्हासनगरच्या बर्फाच्या कारखान्यात यायचे. कॉम्प्रेसरशेजारी पत्र्याच्या खुर्चीवर बसून तुम्ही भाकरी मोडायचात आणि पहिला तुकडा मला द्यायचात. बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाचा वास सगळ्यालाच होता. तुमच्या शर्टाला, डब्याच्या झाकणाला, आईच्या उशीलासुद्धा.

एका शनिवारी तुम्ही जेवताय आणि मी हट्ट धरलाय की आज पाइप मी तपासणार. गळती शोधायला गंधकाची काडी पेटवून सांध्यापाशी धरायची. अमोनिया असेल तर दाट पांढरा धूर उठतो. तुमच्या पितळी डबीतली एक काडी मी घेतली, पेटवली, थेट मोठ्या व्हॉल्व्हपाशी नेली आणि धूर बघून ओरडले, "अण्णा, गळतंय!" हातातला घास टाकून तुम्ही मशीन बंद केलंत. माणसं नाकाला ओले पंचे लावून बाहेर पळाली. शेठ अनवाणी धावत आले.

"साईं, मेरा बरफ पिघल जाएगा! किसने बोला लीक है?"

"मैंने बोला, सेठ. काडी गीली थी. गलती मेरी."

"इतने साल नाक लेके इधर बैठा है, आज काडी ने उल्लू बनाया?"

सगळे हसले, तुम्हीही हसलात. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

घरी जाताना तुम्ही विचारलंत, "बाय, काडी आधी बाहेर पेटवली होतीस?"

"नाही."

"मग धूर पाइपाचा की काडीचा, कसं कळणार? आधी बाहेरच्या हवेत बघायचं, ती स्वतःची किती धुरते. मग आत यायचं." एवढंच. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

आता मी अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत आहे, महिनाअखेरीला निवृत्त होतेय. तुम्हाला हसू येईल, पण तिथे आम्ही अमोनियाच करतो. मोठ्या कारखान्यांत नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, भट्टीच्या आचेत एकत्र आणतात, कारण नायट्रोजन मोठा हट्टी. आमच्याकडे बोटाएवढी जाड काचेची नळी आहे, तिच्यात निकेल चढवलेले मोहरीएवढे मणी. दोन्ही वायू सोडून वीज दिली की नळीत जांभळा उजेड भरतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या उजेडात नायट्रोजनची घट्ट जोडी सैल होते आणि मण्यांवर तिचं हायड्रोजनशी जमतं. तो दाब नको, ती भट्टी नको. कधीतरी एखाद्या गावाला छपरावरच्या सौर विजेवर आपलं खत करता येईल, या आशेवर सगळं चाललंय.

हे काम करणारी मुलगी चामटोलीची, भात लावणाऱ्या घरातली. तीन वर्षं ती त्या नळीपुढे बसलीय. मागच्या पंधरवड्यात तिला अपेक्षेच्या कितीतरी पट अमोनिया मिळाला. साहेबांनी पेढे वाटले. परिषदेत तिनेच हे सांगायचं, असं ठरलं. तिने घरी फोन करून सगळ्यांना सांगितलंही. त्याच संध्याकाळी कपाट आवरताना तुमची डबी माझ्या हाती आली.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "नायट्रोजनच्या जागी आर्गॉन लावून बघितलंस?"

"मॅडम, कायपण! आर्गॉनमध्ये नायट्रोजनच नाही, अमोनिया कुठून येणार?"

"नाही ना येणार? मग बघू या."

आला. जवळजवळ तेवढाच आला. तिने आकडा पुन्हा मोजून बघितला.

मणी निकेलच्या नायट्रेटमध्ये भिजवून भाजतात. भाजणं कमी पडलं की त्या क्षारातला नायट्रोजन मण्यांतच दडून बसतो आणि हायड्रोजन मिळाला की अमोनिया होऊन बाहेर येतो. म्हणजे आमचा धूर काडीचाच होता. "माझंच चुकलं, सर," ती साहेबांना म्हणाली, "मी काहीतरी नीट केलं नसणार." साहेबांनी परिषदेच्या यादीतून तिचं नाव काढलं. मी शेजारी उभी होते.

मणी मी भाजले होते, अण्णा. निरोप समारंभाची साडी फॉल-पिकोला टाकलेली, दुकान बंद होईल म्हणून भट्टी तासभर आधी बंद केली. वहीत मात्र पूर्ण वेळ लिहिला. चूक कबूल करण्याबद्दल सिस्टर शाळेत निबंध लिहून घ्यायच्या. माझा वर्गात वाचून दाखवायच्या.

काल नवे मणी पूर्ण वेळ भाजून दिले. आर्गॉनवर काहीच आलं नाही. नायट्रोजनवर आला, पहिल्याच्या पावपटसुद्धा नसेल, पण तो खरा आहे. तिने मला मिठीच मारली. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून," म्हणाली.

तुमच्यामागे राहिलेल्या वस्तूंचं ठरवलंय. मफलर बेलवलीला धाकट्या भावाकडे जाईल, त्याला थंडी सोसत नाही. मनगटी घड्याळ माझ्या नातवाला. बंद आहे, तरी त्याला हवंय. साडी मी नेसणार, रंग छान आलाय. पितळी डबी चामटोलीच्या मुलीला.

खरं सांगू? तुम्हाला लिहिलं की तिला सांगावं लागणार नाही, असं वाटलं होतं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पण तुम्ही 'गलती मेरी' हे शेठसमोर, सगळ्यांदेखत म्हणाला होतात. तेव्हा भट्टीची वही, खरा वेळ लिहून, उद्या सकाळी साहेबांच्या हातात, ती समोर असताना. डबी तिला त्यानंतर. तिने घेतली तर.