पाच कौलं

प्रिय धम्मा,

जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी हसशील. कालच तर कराटे क्लासच्या फाटकापाशी आपण पंधरा मिनिटं उभे होतो. माझे गुडघे, तुमच्या नव्या टॉवरची सारखी बंद पडणारी लिफ्ट, बाविसाव्या मजल्यावरचा वारा, तुझ्या आईचं, राधामावशींचं पथ्य, सगळं बोलून झालं. मग आता हा चिंचपोकळीहून वरळीला पत्र कसलं लिहितोय? बावीस वर्षं पोस्टात लोकांची पत्रं हाताळतोय, पण स्वतः शेवटचं कधी लिहिलं ते आठवत नाही. आमची प्रिती म्हणाली, फोन कर ना सरळ. फोनवर तू ‘बोल रे’ म्हणतोस आणि माझं सगळं अवसान जातं, हे तिला कुठे ठाऊक आहे?

आधी तुझ्या आरोहीचं सांगतो, कारण ते तुला घरी कळलं नसणार. येत्या रविवारच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला ती बसत नाही म्हणते. काताच्या ठरलेल्या हालचाली उत्तम करते, लढतीत तर ती माझ्या मोठ्या मुलांना घाम फोडते. पण शेवटी कौलं फोडायची असतात आणि तिथे तिचं घोडं अडलंय. महिना झाला, मी एकच कौल ठेवतो तिच्यापुढे, एकच. हात वर जातो, झकास खाली येतो आणि कौलाच्या वर चार बोटं थांबतो. गेल्या गुरुवारी मी विचारलं, काय गं, कसली भीती वाटते? ती काय म्हणाली ते पुढे सांगतो. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

आपली रविवारची टोळी मात्र मजेत आहे. सराव संपला की समोरच्या टपरीवर तासभर बसतात. सरावापेक्षा हा तासच जास्त घाम काढतो. दादरचा बंडू आता साठीला आलाय, डॉक्टरने गुडघा बदलायला सांगितलाय आणि हा दर आठवड्याला नवीन तेल आणतो. माहीमची मनू रात्रपाळी करून थेट हॉलवर येते. सरावाआधी अंडी खावीत की पोहे, यावर या दोघांचं चार वर्षं भांडण चालू आहे. परवा बंडूने भर टपरीवर हातातल्या छत्रीने अडवण्याचा डाव दाखवला आणि चहाचे तीन ग्लास आडवे केले. मनू म्हणाली, “काका, घरी काकींसमोर दाखवा ना हे, मग मानू.” तूही हसलास. तू टोळीत बसत नाहीस, आरोहीला न्यायला येतोस आणि कडेला उभा राहून हसतोस. ग्लास डाव्या हातात धरतोस. मी दर रविवारी ते बघतो आणि नजर दुसरीकडे वळवतो.

तुझ्या उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे ना? मुद्दाम विचारतोय. इतकी वर्षं विचारलं नाही.

कोंडीराम सरांचा क्लास तुला माझ्याइतकाच आठवत असेल. गिरणी बंद पडलेला माणूस, संध्याकाळी बीडीडी चाळीच्या मैदानात आपल्याला उभं करायचा. रांग ज्येष्ठतेने लावायची, यात सरांनी कधी कुणाची गय केली नाही. ज्याने पट्टा आधी घेतला तो उजवीकडे. तू माझ्या आधी तीन महिने आलास, म्हणून सहा वर्षं मी तुझ्या डाव्या खांद्यापाशी उभा राहिलो. खरं सांगू? त्याचा मला राग यायचा. जेवायला तुमच्या खोलीत, अभ्यासाला तुमच्या गॅलरीत, राधामावशी भाकरी आधी मला वाढायच्या आणि तरी रांगेत उभं राहिलो की तो राग यायचाच. सरांनंतर क्लास धम्मा घेणार, असं अख्खी चाळ धरून चालली होती. मीही मान डोलवायचो.

मग ती भीमजयंती. सत्तावीस वर्षं झाली. मैदानात मांडव, मुलींचं लेझीम आणि शेवटी आपण दोघं, पाच-पाच कौलं. सरांनी कुठल्याशा गिरणीच्या पाडलेल्या शेडची जुनी मंगलोरी कौलं मिळवली होती. ती वाळवायचं काम माझ्याकडे होतं. तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवायची, दुपारी उलटायची. सरांनी शंभरदा बजावलं होतं, कौल आतून कोरडं पाहिजे. ओली कौलं एकमेकांना धरून बसतात, त्यांचा दगड होतो आणि मग हात जातो. बोटाने वाजवून बघायचं. कोरडं कौल खणखणतं, ओलं नुसतं ठप्प करतं.

चौदा तारखेला सकाळी मी गच्चीवर गेलो तेव्हा टाकी भरून वाहिली होती. एक चवड कठड्याजवळ उंचावर होती, ती कोरडी. दुसरी पाण्यात. मी ती पाचही कौलं मांडून उन्हात लावली, वारा घातला, फडक्याने पुसली. दुपारी चारपर्यंत ती वरून लालचुटूक दिसायला लागली. उचलली तर जड होती. वाजवली, पाचही. धम्मा, पाचही ठप्प वाजली.

आता नीट वाच. जिन्यातच सर भेटले. “झालं का रे?” म्हणाले. मी ‘हो’ म्हणालो. खरं सांगितलं असतं तर सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली असती, पण ते कारण नव्हतं. पाचच चांगली कौलं उरली होती. म्हणजे एकानेच फोडायची. म्हणजे तू. माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा माझं काही बघायला आली होती, पहिल्या रांगेतली खुर्ची तिने तीन वाजल्यापासून धरून ठेवली होती. मी कोरडी चवड माझ्यापुढे लावली आणि ओली तुझ्यापुढे. मनाला सांगितलं, धम्माचा हात आहे तो, ओलीसुद्धा फोडेल. आणि तुला हसू येईल, पण मला ते खरंच वाटत होतं. तुझ्या हातावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

माझी फुटली. आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग तू. तो आवाज मी अजून ऐकतो. कौलांचा नव्हता तो. तू हात मागे घेतलास, सरांना वाकून नमस्कार केलास, लोकांना केलास, पट्टा नीट केलास आणि सरळ चालत मांडवामागे गेलास. इतकी शिस्त मी पुन्हा कुणात पाहिली नाही. तिथे सरांनी तुझा हात बघितला, त्यांचा चेहरा उतरला, आणि ते म्हणाले, “शेवटच्या क्षणी तुझं मन कचरलं रे. हात थांबला तुझा.” तू म्हणालास, “नाही सर.” त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, मायेने सांगितलं, खांद्यावर हात ठेवून. दुसऱ्या वेळी तू गप्प राहिलास. तिसऱ्या वेळी ‘हो सर’ म्हणालास. मी तीन हात अंतरावर गोणपाट घेऊन उभा होतो. तुझी कौलं त्यात भरली होती, कुणी वाजवून बघू नयेत म्हणून.

बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्या दिवशी नाही, तर तुझं प्लास्टर निघालं त्या दिवशी. चाळीतली पोरं तुला ‘कौलारू’ म्हणून चिडवायला लागली त्या दिवशी. मैदानात सराव चालू असताना तू खिडकी लावून घ्यायचास, त्यातल्या कुठल्याही दिवशी. मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो आणि राधामावशींनी ताट वाढलं, मी जेवून परत गेलो. मग तू कुरिअरची नोकरी धरलीस, येणं बंद केलंस आणि रांगेत उजवीकडची जागा मला मिळाली. पुढे क्लासही मिळाला. गेली अठरा वर्षं मुलं मला ‘सर’ म्हणतात ना, ते मी त्या पाच कौलांवर उभा राहून ऐकतो.

सर आजारी होते तेव्हा मी रोज जायचो. शेवटच्या आठवड्यात एकदा तुझा विषय काढला त्यांनी. म्हणाले, “धम्मासारखा हात नाही पाहिला. मन तेवढं कच्चं निघालं पोराचं.” मी त्यांचे पाय चेपत होतो, चेपतच राहिलो. मरणाच्या दारातल्या माणसाला त्रास कशाला, असं स्वतःला समजावलं. कारण कसं पटकन सापडतं बघ. त्यांच्या अंत्ययात्रेला सगळ्यांनी शेवटची रांग लावली, तूही आला होतास. तू सगळ्यांच्या मागे गेलास आणि पांढऱ्या पट्ट्याच्या आठ-दहा वर्षांच्या पोरांशेजारी उभा राहिलास. मी सगळ्यात पुढे होतो. मला रडू आवरेना, आणि लोक म्हणाले, भूषणचं सरांवर केवढं प्रेम. सरांसाठी रडत नव्हतो मी.

आणि तरीही तू तुझी मुलगी माझ्याकडे आणून दिलीस. तेव्हा म्हणालास, “माझ्याने झालं नाही, हिचं तू बघ.” त्या रात्री मी प्रितीला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला कशाला सांगतोस? बरोबरच होतं तिचं.

आता गुरुवारचं. आरोहीला मी विचारलं, कसली भीती वाटते? तिने आधी पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “सर, भीती नाही. पण आमच्यात हे नाहीये. पप्पांचा पण ऐन वेळी हात थांबला होता. त्यांनी मला सांगितलंय, आपल्या घरात जिगर कमी आहे, उगाच हात मोडून घेऊ नकोस.” अगदी शांतपणे म्हणाली. जसा कुणी घरातला मधुमेह सांगावा. सतरा वर्षांची मुलगी, धम्मा, आणि माझं पाप आपल्या रक्तात आहे असं समजून चाललीय. तेव्हाही मी बोललो नाही. ‘पाणी पी, पुन्हा करू’ म्हणालो. कितवी वेळ ही माझी गप्प बसायची, कोण जाणे. चार रात्री जागून काढल्या आणि आज वही घेतली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही आणि आरोहीच्या बॅगेतूनही पाठवत नाही. तिच्या हातून हे तुझ्याकडे येऊ नये. उद्या कामावर जाताना तुमच्या वॉचमनकडे स्वतः देईन. माफी मागतोय, पण तू ती दे असं म्हणत नाही. मार, शिव्या दे, टोळीत सगळ्यांसमोर सांग, नाहीतर रविवारी रांग लावल्यावर मीच सांगतो. मुलीला माझ्याकडून काढून न्यायचं असेल तर खुशाल ने, मी कारण विचारणार नाही. पण मी लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही. पाकिटात एक किल्ली आहे, ती आमच्या चाळीच्या गच्चीची. वर पाच कौलं ठेवली आहेत, आरोहीच्या परीक्षेची. मी त्यांना हात लावणार नाही. गुरुवारपासून रोज ये, तीन दिवस उन्हात लाव, दुपारी उलट, एकेक वाजवून बघ आणि रविवारी तुझ्या हाताने तिच्यापुढे ठेव. तिला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. फक्त एवढं नक्की सांग की तिच्या बापाचा हात थांबला नव्हता. मी तीन हात अंतरावर होतो, मी बघितलंय. तो शेवटपर्यंत खाली आला होता.

तसं म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तुझाच,
भूषण