पक्की की कंत्राटी

३ मार्च, सोमवार

ऑडिटमध्ये मी सापडले. म्हणजे सापडलेच नाही! आठ वर्षं या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत डॉक्टर आहे, पण कागदोपत्री मी नोकरही नाही आणि कंत्राटीही नाही. माझे पैसे म्हणे 'इतर' या सदरातून निघतात — फिनेल आणि कुंड्यांसोबत. एचआरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, एक आठवडा कंत्राटी राहून बघा, एक आठवडा पक्क्या. मग काय ते सांगा." जशी काही मी चपला घ्यायला आलेय.

घरी सांगितलं. नवऱ्याने लगेच तक्ता आखायला घेतला. सासूबाई म्हणाल्या, "कंत्राटदार म्हणजे ते रस्ते करतात तेच ना गं?" लेकीने एवढंच विचारलं, "यातलं काय झालीस तर बावीसला येता येईल?" बावीसला तिची पोहण्याची शर्यत. याआधीच्या तीन मी चुकवल्यात.

५ मार्च

कंत्राटी. म्हणजे बाहेरची व्यक्ती. गेटवर नाव लिहून भेटीचा पास घ्यायचा. वॉचमन मला आठ वर्षं ओळखतो, त्याच्या हनुवटीवरचे चार टाके माझ्या हातचे. तरी विचारतो, "कोणाला भेटायचंय?" म्हटलं, जो येईल त्याला. 'नातं' या रकान्यात त्याने 'दूरचं' असं लिहिलं.

६ मार्च

भेटीची वेळ सहाला संपते. पावणेसहाला एकाची भुवई शिवायला घेतली. सहाला वॉचमन पडद्याशी हजर — "मॅडम, पास संपला." इकडे सुई भुवईत! शेवटी भुवईवाल्यानेच माझी हमी घेतली. "असू द्या हो, माझ्या ओळखीच्या आहेत."

७ मार्च

खुर्ची नाही. खुर्च्या पक्क्या लोकांच्या. दिवसभर उभ्याने केसपेपर लिहिले, पायांचे तुकडे पडले. पण कंत्राटाच्या मसुद्यात स्वच्छ लिहिलंय — कोणतीही ड्यूटी नाकारण्याचा अधिकार. ते वाक्य तीनदा वाचलं. फार बरं वाटलं.

१० मार्च

आजपासून पक्की. खुर्ची मिळाली! पण बसण्याआधी 'खुर्चीवर सुरक्षित कसे बसावे' हे चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण. ते उभ्याने घेतलं.

१२ मार्च

बैठका कमी कशा करता येतील यावर बैठक. काही ठरलं नाही, म्हणून शुक्रवारी परत. मधेच एक आजोबा छातीत दुखतंय म्हणून आले. मी उठून धावले, तर माझी गैरहजेरी लागली. आजोबा ठीक आहेत. मला मेमो आलाय.

१४ मार्च

नवऱ्याचा तक्ता पूर्ण झाला. रजा, विमा, निवृत्ती, डोकेदुखी — सोळा रकाने. दोन्हीकडे बेरीज सारखीच. "आता तुझं तू बघ," म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढत बसला. मला रडू यायच्या बेतात होतं, पण हसू आलं.

१७ मार्च

कंत्राटच घ्यायचं ठरवून गेले. एचआरच्या बाईंना म्हटलं, मला 'नाही' म्हणता यायला हवं. त्यांनी चष्मा वर केला. आठ वर्षांच्या ड्यूट्या कॉम्प्युटरवर काढल्या.

"मॅडम, तुम्हाला आजवर कोणी अडवलं होतं? मी फोन करते, बदलीला कोणी येईल का विचारते. माझं वाक्य संपायच्या आत तुम्ही 'येते' म्हणता. इथे एकही नकार नाही तुमचा."

खरंच नव्हता. त्या तीन शर्यतींच्या तारखा मीच शोधल्या. तिन्ही दिवशी माझी ड्यूटी नव्हतीच. दुसऱ्या कोणाची तरी होती. फोन आला आणि मी गेले.

घरी येऊन लेकीला सांगितलं होतं, काय करू, कामच असं आहे. प्रत्येक वेळी हेच. लाज वाटली. आज कोणाशी धड बोलले नाही. सासूबाईंना वाटलं डोकं दुखतंय, बाम आणून दिला. लावला.

१९ मार्च

पक्क्या नोकरीवर सही केली. नवऱ्याने कारण विचारलं. काय सांगणार, की नाही म्हणायला कंत्राट लागतच नाही? म्हटलं, खुर्ची बरी आहे. त्याने तक्त्यात सतरावा रकाना वाढवला.

बाईंना विचारून घेतलं — शनिवारी माझी सुट्टी आहे, बोलावणार नाही ना? म्हणाल्या, "पक्क्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावता येत नाही. विचारता येतं."

२२ मार्च, शनिवार

सकाळी सातला फोन. एक डॉक्टर आजारी पडलेत, याल का? म्हटलं, नाही. बाई म्हणाल्या, "बरं, दुसऱ्यांना विचारते." एवढंच!

लेक शेवटची आली. मी पाहिलं.