काडतूस ठरवायचं आहे

१ जानेवारी २०१४, बुधवार
यंदा संकल्प एकच. मे महिन्यात निशिकांतकडे जायचं, अमेरिकेत, आयडाहोला. कित्येक वर्षं नुसतं 'येतो येतो' म्हणतोय. एकच संकल्प असला की मोडायलाही फार काही उरत नाही.

काल त्याचाच फोन होता. निशा म्हणजे निशिकांत, माझा कॉलेजचा मित्र. एनसीसीत बरोबर होतो. फायरिंगला माझ्या सगळ्या गोळ्या शेजारच्या, म्हणजे त्याच्या टार्गेटवर लागल्या आणि बक्षीस त्याला मिळालं. हे तो अजून लोकांना सांगतो. तिकडे त्याच्या घराला लागून एका शेतकऱ्याची लसूणघास आहे. वसंतात जमिनीतल्या खारी वर येतात, बिळं करून शेताची चाळण करतात, मग शेतकरीच शेजाऱ्यांना बंदुका घेऊन बोलावतो. निशा काडतुसंसुद्धा घरी, गॅरेजमध्ये, हाताने भरतो. म्हणाला, "तुझ्यासाठी कुठलं भरू ते सांग, तयार ठेवतो."

मी म्हणालो, अभ्यास करून सांगतो. अशा गोष्टी घाईत ठरवायच्या नसतात.

आजाराचं त्याने फोन ठेवता ठेवता सांगितलं. स्वादुपिंड. केमो चालू आहे. आवाज मात्र खणखणीत होता. आवाज चांगला म्हणजे अर्धी तब्येत चांगली.

५ जानेवारी, रविवार
अभ्यास सुरू. काडतूस म्हणजे मुळात एक पितळी नळी. बुडाला टिकली, पोटात दारू, तोंडात गोळी. खारीसारख्या छोट्या जनावराला गोळी लहान हवी आणि वेग प्रचंड हवा. इथवर सोपं आहे. पुढे प्रत्येकाचं मत वेगळं.

मी इथे सिंगापुरात शिपिंग कंपनीत रिस्क मॅनेजर आहे. निर्णय कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. एक्सेलमध्ये तक्ता केला. वेग, वारा, धक्का, बॅरलची झीज, प्रत्येकाला मार्क. पहिलं आलं टू-ट्वेंटीथ्री नावाचं काडतूस. निशाला मेल टाकली. त्याचं उत्तर लगेच. 'उत्तम. नळ्या मागवतो.'

अरुणाने विचारलं, तिकीट कधी काढणार. बायकांना टप्पे कळत नाहीत.

११ जानेवारी, शनिवार
टू-ट्वेंटीथ्री म्हणजे तिकडचं अगदी पोळीभाजीचं काडतूस, कुठल्याही दुकानात मिळतं असं वाचलं. इतक्या लांब जाऊन पोळीभाजी कशाला? टू-ट्वेंटी स्विफ्ट जास्त वेगवान आहे. निशाला कळवलं, नळ्या थांबव. तो म्हणाला, थांबवल्या.

२ फेब्रुवारी, रविवार
चायनीज न्यू इयर. ऑफिस बंद, आमच्या आंग मो किओतलं खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटरही अर्धं बंद. आज तिकीट काढायचं ठरवून लॅपटॉप उघडला. पण तारीख वाऱ्यावर अवलंबून. वाऱ्याचा परिणाम गोळीच्या वजनावर अवलंबून. गोळीचं वजन काडतुसावर. म्हणजे आधी काडतूस. अरुणाला हे नीट समजावून सांगितलं. तिने विचारलं, विमानात तू बसणार आहेस की काडतूस?

स्विफ्टने बॅरल लवकर खराब होतं म्हणे. निशाची बंदूक खराब करणं मला पटत नाही. ट्वेंटीटू-टूफिफ्टीचा विचार चालू.

१६ फेब्रुवारी, रविवार
लिटल इंडियातून सोनाराचा डिजिटल काटा आणला. निशाकडे गेल्यावर अडाण्यासारखं बघत उभं राहायचं नाही, स्वतः भरायचं. सराव म्हणून बॉलपेनच्या टोपणांत रवा मोजून भरला. हात थरथरत नाही, हे विशेष. अरुणाने उपम्याला रवा काढला तो कमी निघाला. मग एकेक टोपण पातेल्यात रिकामं करत बसलो. उपमा बरा झाला होता, एका घासात शाईची चव आली तेवढंच.

दुपारी निशाची मेल. 'नमुन्याला एक रिकामी नळी पोस्टाने पाठवतो, हातात घेऊन बघ.' त्याच्याकडे मध्यरात्र असणार, तरी फोन लावला. म्हटलं बाबा रे, हे सिंगापूर आहे. इथे रिकामी नळी सापडली तरी मला सात पिढ्यांचा हिशोब द्यावा लागेल. आमचं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना आहे, पोरगा तन्मय नॅशनल सर्व्हिसमध्ये, सक्तीच्या लष्करी नोकरीत आहे. तो खूप हसला. हसता हसता खोकला आला, मग वहिनींनी फोन घेतला आणि ठेवला.

आकारांच्या तुलनेसाठी अरुणाच्या लिपस्टिका वापरतोय. पुरेशा आहेत.

१ मार्च, शनिवार
निशा स्काइपवर आला. केस गेलेत. भुवयासुद्धा. टोपी घातली होती, ती डोक्याला मोठी होत होती. मी माझा कॅमेरा बंद ठेवला. म्हणालो, बँडविड्थचा प्रॉब्लेम आहे. सिंगापुरात. तो म्हणाला, असेल बुवा.

टूफिफ्टीच्या बॅरल तापण्याचा विषय काढला. तो छान बोलला. मधे मधे डोळे मिटून घेत होता, ऐकताना तो आधीपासून तसंच करतो. बहुतेक.

यापुढे मेलवरच. लेखी असलं की मुद्देसूद होतं.

९ मार्च, रविवार
तन्मय सुट्टीवर घरी. खरी रायफल चालवणारा आमच्या घरात तोच एकटा, म्हणून त्याला तक्ता दाखवला. सेकंदाला चार हजार फूट म्हणजे काय, ते समजावलं. तो नूडल्स खात होता. म्हणाला, सार्जंट सांगतो तिथे मारतो, बास. नव्या पिढीत जिज्ञासा नाही.

जाताना बूट घालताघालता म्हणाला, "पा, निशी अंकल व्हेरी सिक राइट? यू गोइंग ऑर नॉट?"

मी म्हणालो, ऑफकोर्स गोइंग. तो म्हणाला, "देन गो, लाह." आणि लिफ्टकडे गेला.

३१ मार्च, सोमवार, पाडवा
गुढी खिडकीत आतून लावली. बाहेर लावली तर टाउन कौन्सिलचं पत्र येतं.

निशाची शुभेच्छांची मेल. तिच्यात दोन प्रश्न. एक, तिकीट काढलंस का? दोन, टू-ओ-फोरबद्दल काय मत? महत्त्वाच्या प्रश्नाला लगेच सविस्तर उत्तर दिलं. गोळी आणखी बारीक, धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे निशाण लागलेलं स्वतःला दिसतं. मला तर हे फारच आवडलं. निशाण लागलेलं मी अजून कधी बघितलेलं नाही.

त्याचंही उत्तर आलं, फक्त टू-ओ-फोरबद्दल. म्हणजे तिकिटाची त्यालाही तशी घाई नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार
गुड फ्रायडेची सुट्टी. रजेचा अर्ज भरला. सबमिट करणार होतो, पण मेमध्ये ऑडिट आहे. साहेब कदाचित नाही म्हणेल. विचारून नकार घेण्यापेक्षा न विचारलेलं बरं, संबंध राहतात. जून जास्त सोयीचा.

नीलिमा वहिनींची मेल, पहिल्यांदाच. 'भाऊजी, जमलं तर मेपर्यंत या. जूनचं मला सांगता येत नाही.'

म्हणजे जूनमध्ये गवत वाढतं आणि खारी दिसत नाहीत. वहिनींना शिकारीतलं बरंच कळायला लागलेलं दिसतं. शिकाऱ्यांच्या इंटरनेट फोरमवर विचारलं. जूनच्या मध्यापर्यंत दिसतात असं एकाने लिहिलंय. वहिनींना तसं कळवलं.

अरुणाने मेल वाचली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. पाणी वाया जातंय असं मी दोनदा म्हणालो.

४ मे, रविवार
निर्णय झाला! टू-ओ-फोर. बत्तीस ग्रेनची, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅमची गोळी. तक्त्याला कुलूप लावलं, आता मलाही बदलता येणार नाही. निशाला कळवलं. मन हलकं झालं. उगाच लोक म्हणतात मी चालढकल करतो.

७ मे, बुधवार
उत्तर नाही. त्याचा सर्व्हर जुना आहे.

१० मे, शनिवार
उत्तर आलं. 'टू-ओ-फोर मस्त. भरून ठेवतो. ये.'

एवढंच. नेहमीचं 'प्रब्या' नाही, शिवी नाही. भरायच्या गडबडीत असणार. बारीक काम आहे, लक्ष विचलित होऊन चालत नाही.

२५ मे, रविवार
जूनच्या मध्याची तिकिटं बघितली. मधे सोळा तासांचा थांबा असलेलं एक आणि जवळजवळ बिनथांब्याचं एक. दोघांचा तक्ता करायला घेतला. अरुणाने लॅपटॉप ओढून घेतला आणि बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली, प्रबोध, तुला भीती वाटते ना त्याला बघायची?

मी म्हणालो, हे बघ, भीतीचा प्रश्नच नाही, प्रश्न कनेक्टिंग फ्लाइटचा आहे.

तिकीट होल्डवर टाकलं. उद्या ऑफिसातून पक्कं करतो.

२६ मे, सोमवार
ऑडिट. जमलं नाही. होल्ड सुटला. परत टाकलं.

२ जून, सोमवार
सकाळी ऑफिसला निघताना वहिनींचा फोन. निशा गेला. त्यांच्याकडच्या शनिवारी. झोपेतच गेला, त्रास झाला नाही, असं त्या म्हणाल्या. मीच सांत्वन करायचं होतं, पण त्याच मला सांगत होत्या.

मी दारात बूट घालून उभा. विचारलं, माझ्यासाठी भरलेल्या काडतुसांचं काय करणार? ती घरात ठेवणं बरं नाही. हे मी खरोखर विचारलं.

वहिनी म्हणाल्या, काडतुसं कुठली, भाऊजी. बंदूक आणि भरायचं सगळं सामान गेल्या दिवाळीतच शेजारच्या शेतकऱ्याला देऊन टाकलं होतं. त्याला उचलवतच नव्हती ती.

मी म्हणालो, पण मग तो सारखा विचारायचा ते?

"कधी येतोस विचारलं की तुमचं उत्तर यायचं नाही. काडतुसाचं विचारलं की लगेच यायचं. म्हणून तो तेच विचारायचा," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी टाइप होत नव्हतं, तेव्हा तो सांगायचा आणि मी लिहायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण तुमची मेल आली की मला मोठ्याने वाचायला लावायचा."

मला रडू आलं. दारात, शेजारच्या मिसेस टॅनसमोर. अरुणाने मला आत ओढलं, खुर्चीत बसवलं. फोन कानालाच होता. मी वहिनींना म्हणालो, मी येतो, लगेच येतो, तारखा बघून कळवतो.

त्या म्हणाल्या, "सवडीने या, भाऊजी. आता घाई नाही."

मी बरं म्हणालो.