अण्णा आले

प्रिय कार्तिक,

फोनवर बोलायला लागले की तुझी मीटिंग असते, म्हणून लिहिते आहे. एकाच बंगळुरात बसवनगुडीहून एचएसआर लेआउटला पत्र पाठवायचं म्हणजे हसूच येतं. पण तू घरी येतोस कुठे? मला हॉटेलात बोलावतोस, डोसा खाऊ घालतोस आणि गल्लीच्या तोंडाशी सोडून निघून जातोस. निवेदिताला वाटतं आपलं भांडण झालंय. सुनेला काय सांगू, तुझा नवरा दारावरच्या बेलला घाबरतो?

तर ती बेल आता बंद पडणार आहे. पडणार कसली, पाडणार आहेत. कंपनीचा मेल आलाय, या मॉडेलचं आयुष्य संपलं, एकतीस तारखेनंतर ती चेहरा बघून माणसं ओळखणार नाही, कोण आलं ते बोलणार नाही, नवी घ्या. माझ्या लग्नातला ग्राइंडर अजून इडलीचं पीठ वाटतो आणि या कालच्या पोरीचं आयुष्य संपलं! तणतणत शिवाजीनगरला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तो म्हणाला, मशीन सरी आहे अम्मा, काही बिघडलेलं नाही, कंपनीच वरून बंद करतेय. वरून म्हणजे कुठून रे, असं विचारलं तर हसला. तुमच्याच कॉम्प्युटरच्या धंद्यातली माणसं ना ही? धडधाकट वस्तू मेली म्हणून सांगतात, आणि आपण मान डोलवायची.

ती बसवली तेव्हा अण्णांनी सगळ्यांचे चेहरे तिला दाखवले, नावं भरली. स्वतःचं नाव नरसिंहराव न घालता अण्णाच घातलं. मी म्हटलं, या गावात दूधवाला अण्णा, रिक्षावाला अण्णा, सगळा घोळ होईल. तर म्हणाले, ‘आले’ मात्र ती मलाच म्हणेल. आणि तसंच झालं. तू आलास की ‘कार्तिक आला’, भागुबाई कामाला आली की ‘भागुबाई आली’, आणि संध्याकाळी फिरून हे परतले की ‘अण्णा आले’. वडिलांना मान देते आणि मला नाही, म्हणून तू तिला किती चिडवायचास.

मग श्रीरंगपट्टणला अण्णांच्या अस्थी सोडून तू परतलास. मुंडण केलेलं, डोळे सुजलेले. अण्णांचं टक्कल आणि तुझं ते डोकं, त्या बिचारीला काय कळणार? ती म्हणाली, अण्णा आले. तू पायरीवरच थिजलास. आणि मी स्वयंपाकघरातून धावत आले रे. धावत. ते नाव पुसून टाक म्हणालास, मी नाही म्हटलं. तेव्हापासून तू हा उंबरा ओलांडला नाहीस.

अण्णांचा आवाज फोनमध्ये भरपूर आहे, तो मी ऐकतच नाही. मला ते आले असं सांगणारं कुणीतरी हवंय. त्यांचा फोटो नेऊन तिच्यासमोर धरून पाहिला. फ्रेमसकट, चष्मा लावून, सगळे प्रकार केले. ती फसत नाही. तिला जिवंत माणूस लागतं.

पंचवीस तारखेला वर्षश्राद्ध आहे. मठात करू, मुंडण वगैरे नको, असं तू गुरुजींना कळवलंस म्हणे. कार्तिक, मुंडण कर. हे मी धर्मासाठी सांगत नाही, तुला कळतंय मी कशासाठी सांगते आहे. चांगलं नाही हे, आईनं मुलाकडे असलं काही मागू नये. तरी मागते. मठातून एकटाच घरी ये आणि बेल वाजव. दार उघडायला मला जरा वेळ लागेल. तोवर ‘आई, मी आहे’ असं म्हणू नकोस. उघडल्यावर तूच असणार आहेस, ते ठाऊक आहे मला.

तुझीच,
आई