एकेचाळीस अंगठे

कातळवाडी, भाट्याच्या वरचा सडा,
दि. १८ डिसेंबर

तीर्थरूप भागोजीदादांच्या पायांवर धाकट्या लवूचे डोके. (प्रत्यक्ष टेकवायला मुंबईस येणार होतो, पण म्हशीला दिवस भरलेत.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला बसला असेल तर उत्तम, नसेल तर अडुळसा धाडतो. इकडे माणसे खुशाल आहेत. वाडीचे काय झाले ते मात्र सविस्तर लिहावे लागेल.

पंचायत खाली गावात आणि आपण वर सड्याच्या कातळमाळावर. मध्ये दीड तासाची चाल. ग्रामसभेत आपली वाडी निघते ती 'आयत्या वेळचे विषय' यात, आणि ती आयती वेळ येईतो आमच्या माणसांना परतीची वाट धरावी लागते. यंदा सरपंचांनी ठरवले, लांबच्या वाड्यांनी पायपीट करू नये, मोबाइलवरून सभेला बसावे. नळाचा विषयही घेऊ म्हणाले. आता आपल्या वाडीत रेंज येते ती एकाच जागी, स्मशानाच्या शेडखाली. तेव्हा आम्ही एकेचाळीस माणसे धुतलेले कपडे घालून, रांगेने, स्मशानात ग्रामसभेला निघालो. वाटेत पोस्टमन भेटला. त्याने सायकल बाजूला घेऊन हळूच विचारले, "कोण गेला?" सखूकाकी म्हणाली, "अजून कोन नाय. आमीच चाललाव." (तो आमच्याबरोबर थोडा चाललासुद्धा.)

फोन शेडच्या खांबाला सुतळीने बांधला. सरपंच दिसले, मग त्यांचे तोंड उघडेच राहिले आणि सात मिनिटे तसेच होते. नंतर आवाज आला, "...कातळवाडीसाठी... मंजूर असेल त्यांनी अंगठा दाखवा." नळाखेरीज कातळवाडीसाठी दुसरे काय असणार? आम्ही सगळ्यांनी अंगठे वर केले. सखूकाकीने जन्मभर कागदावर अंगठा दिलेला, तिने पुढे होऊन काचेवरच दाबला. सभा बंद झाली. आम्ही नारळ फोडला.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. नळाचे पाइप असतील म्हणून पोरेबाळे धावली. ट्रॅक्टरात गावभरचा कचरा होता. ड्रायव्हर ओमकार बिचारा सज्जन, त्याने कागदच दाखवला : गावाचा कचरा कातळवाडीच्या सड्यावर, विहिरीच्या वरच्या अंगाला टाकावा, कातळवाडीच्या एकमुखी संमतीने. विहीर ती एकच, हे तुम्हाला सांगायला नको. सखूकाकी पुढे झाली. ट्रॅक्टरसमोर फतकल मारून बसली आणि ओटीतले कुळीथ निवडू लागली. ओमकारने दोनदा हॉर्न वाजवला, मग तोही उतरून खडे वेचू लागला. कुळीथ संपेतो त्याने ट्रॅक्टर मागे फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी पंचायतीत. सरपंच म्हणाले, तक्रार ॲपवर करा. ॲपने उत्तर दिले की या विषयाला आपण संमती दिली आहे, धन्यवाद. शेवटी पंचायतीतल्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दिशाने सभेचे रेकॉर्डिंग शोधून काढले आणि सगळ्यांदेखत लावले. त्यात आमच्या बाजूला दिसत होते आभाळ, शेडचा पत्रा, एकेक करत वर आलेले अंगठे आणि शेवटी पडदाभर सखूकाकीचा एकच काळा अंगठा. सरपंच बोलत होते तेव्हा आमचे चित्र सात मिनिटे थिजलेले होते, म्हणजे ते काय बोलले ते आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते, हे दिशाने दोनदा लावून दाखवले. हसू दाबत ग्रामसेवक म्हणाले, "काकी, तुमचा अंगठा सगळ्यांत मोठा दिसतो हो."

"मंग मतपन मोठाच धरा," काकी म्हणाली.

दादा, चाळीस वर्षे चिरेखाणीवर दगड वाहिलेली ही बाई ग्रामसभेत कधी बोललेली नव्हती. तिने पदर कमरेला खोचला. "पानी आमी पितो," ती म्हणाली, "तर त्याच्या डोक्यावर काय टाकायचा ता आमाला इचारा. समोर येऊन इचारा." कोणी हसले नाही. सरपंचांनी चष्मा पुसला. रविवारी ते आठ जणांसह सड्यावर चढून आले, धापा टाकत शेडखाली बसले आणि हात वर करून मतदान झाले. कचरा नको, एकमताने. नळ पुढच्या सभेत पहिला विषय. मला वाटते, वाडीला इतके ऐकून घेतलेले मी प्रथमच पाहिले.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुमचा,
लवू

ता.क. : जुना ठराव अजून पुस्तकात आहे. ग्रामसेवक म्हणतात, मूळ सूचकाने समक्ष येऊन सही केली तरच तो मागे घेता येईल. सूचक म्हणून तुमचे नाव लागले आहे. गणपतीत तुमचा जो फोन हरवला, तो खांबाला होता. पडद्यावर त्याखाली 'भागोजी' असेच येई आणि पहिला अंगठा त्याच्यासमोर माझा वर गेल्याने सूचक तुम्ही ठरलात. तरी रजा टाकून लगेच निघावे.

पुन्हा ता.क. : ठराव तुम्हीच मुंबईहून मांडलात असा सखूकाकीचा समज आहे. तुम्ही समक्ष येणारच असल्याने मी मध्ये पडलो नाही.